पोस्टमन, डाकिया, टपाली, डाक सेवक : लिहिताना या चुका टाळा

९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन, दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय टपाल दिन. त्या आठवड्यात जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांमध्ये ‘पोस्टमनचे मनोगत’ हा निबंध हमखास येतो, गावच्या ग्रुपवर शुभेच्छा फिरतात, कुठे सत्कार होतो आणि त्याची बातमी लागते. दरवर्षी त्याच त्या चुका समोर येतात. दारात पत्र आणून देणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे ‘पोस्टमन’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. तरी डाकिया, डाकपाल, पत्रवाहक, हरकारा, जो हाताला लागेल तो लिहून मोकळं व्हायचं, अशी सवय पडली आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रत्येकाचा माणूस वेगळा, काम वेगळं, काहींचा तर काळच वेगळा. चुकीचा शब्द पडला की निबंधातले गुण जातात ते एक वेळ सोडा, पण तक्रार भलत्या टेबलावर जाते आणि भरतीचा अर्ज भलत्या समजुतीनं भरला जातो. एक शब्द तर असा आहे, की सातपुड्याच्या पट्ट्यात तो बाईच्या जिवावर बेतू शकतो. तिथूनच सुरुवात करू.

‘डाकिया’ लिहू नका, आणि त्याचं स्त्रीलिंग तर करूच नका

‘डाकिया’ हिंदी शब्द आहे. रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर, शिरपूरच्या पुढे सेंधवा, त्यामुळे खानदेशात हिंदी कानावर रोज पडते आणि बोलताना कोणी ‘डाकिया’ म्हणालं तर समजायला अडचण येत नाही. अडचण लिहिताना येते. मराठीत शब्दाला प्रत्यय लागायचे तर आधी त्याचं सामान्यरूप ठरलेलं असावं लागतं. हा शब्द मराठीत रुळलेलाच नाही, म्हणून ते ठरलेलं नाही. मग एकाच निबंधात ‘डाकियाला’, ‘डाकियेने’ आणि ‘डाकिये आले’ असे तीन प्रकार सापडतात. मुलांचा यात दोष नाही. हिंदीतला तयार निबंध मोबाइलवर मराठी करून वहीत उतरवायचा, हा आळस मोठ्यांनीच शिकवला आहे. यंत्र वाक्य मराठी करतं आणि ‘डाकिया’ तसाच ठेवतं.

खरा घोटाळा पुढे आहे. धडगाव-तळोद्याकडच्या एका महिला दिनाच्या कार्यक्रमात असंच झालं. पाड्यापाड्यांवर टपाल पोचवणाऱ्या दोन बायकांचा सत्कार ठरला होता. फ्लेक्सचा मजकूर हिंदीवरून मराठीत आणला गेला. मूळ शब्द ‘डाकिया’, सत्कार बायकांचा, तेव्हा लिहिणाऱ्यानं मराठीचा नेहमीचा नियम लावला. माळी-माळीण, तेली-तेलीण, धोबी-धोबीण, तसं डाकिया-डाकीण. ओळ तयार झाली : ‘परिसरातील कर्तबगार डाकीण भगिनींचा जाहीर सत्कार’. खाली दोघींची नावं आणि फोटो. फ्लेक्सच्या दुकानात मजकूर मशीनला लावणारा मुलगा अक्कलकुव्याकडचा. त्यानं ती ओळ वाचली, फोटो पाहिले आणि छपाई थांबवून आधी फोन लावला. ‘भाऊ, हे छापलं तर या दोघींना गावात राहू देणार नाहीत.’

तो मुलगा शंभर टक्के बरोबर होता. डाकीण म्हणजे नजरेनं, मंत्रानं माणसं-गुरं मारणारी बाई, ही समजूत त्या डोंगरात आजही जिवंत आहे. कोणाचं मूल दगावलं, बैल मेला, की एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवलं जातं. मग मारहाण, दंड, वाळीत टाकणं, गावातून हाकलणं. काही ठिकाणी खूनही झाले आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या व्यक्तीवर करणी किंवा जादूटोण्याचा आळ घेऊन तिचा छळ करणं त्या कायद्यानं गुन्हा आहे. अशा भागात बाईच्या नावापुढे आणि फोटोखाली तो शब्द मोठ्या अक्षरात लागला असता, तर ‘छपाईची चूक’ म्हणून कोणी ऐकून घेतलं नसतं.

त्यामुळे इथे माझा हट्ट सरळ आहे. पुरुष असो की बाई, ‘डाकिया’ला हात लावायचाच नाही. बाई असेल तर ‘महिला पोस्टमन’ लिहा. ‘पोस्टवूमन’ही चालतो आणि खात्यातही तो वापरात आहे. बोलताना ‘पोस्टमनताई’. ती ग्रामीण डाक सेवक असेल, तर हुद्दा ‘डाक सेवक’ असाच ठेवा. कोणी आपुलकीनं ‘डाक सेविका’ म्हणालं तर अर्थ बिघडत नाही, पण कागदावर हुद्दा बदलू नका. आणि मजकूर नंदुरबार जिल्ह्यात लागणार असेल, तर छापण्याआधी तो तिथल्या एखाद्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. फोनवर पाठवून ‘बघून घ्या’ म्हणण्यात काही अर्थ नाही, माणूस अंगठा दाखवतो आणि वाचत नाही.

गावातला प्रत्येक जण ‘पोस्टमन’ नसतो

ही दुसरी मोठी चूक, आणि हिचे चटके सगळ्यात जास्त लोकांना बसतात.

पोस्टाच्या कार्यालयांच्या तीन पायऱ्या आहेत. मुख्य डाकघर, त्याखाली उपडाकघर, त्याखाली शाखा डाकघर. जळगाव, धुळे अशा ठिकाणी मुख्य. तालुक्याच्या आणि मोठ्या बाजाराच्या गावी बहुतेक उपडाकघर. आणि लहान खेड्यात, जिथे कोणाच्या तरी ओसरीवर टेबल, लोखंडी पेटी आणि लाल पाटी दिसते, ते शाखा डाकघर.

मुख्य आणि उपडाकघरातून बीटवर निघणारा, खाकीतला, तो पोस्टमन. तो केंद्र सरकारचा नियमित कर्मचारी. सातव्या वेतन आयोगात त्याचं मूळ वेतन तिसऱ्या स्तरावर, म्हणजे २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. शाखा डाकघरात मात्र नियमित पोस्टमन नसतो. तिथे असतात ग्रामीण डाक सेवक. कार्यालय चालवणारा तो शाखा डाकपाल. पत्रं वाटणारा आणि थैली ने-आण करणारा तो सहायक शाखा डाकपाल. पुष्कळ खेड्यांत एकच माणूस दोन्ही कामं करतो. सकाळी शिक्का मारतो, दुपारी तीच पत्रं घेऊन सायकलवर निघतो. यांना पगार नाही, कामाच्या तासांवर बांधलेला भत्ता मिळतो. १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या रचनेत ४ तासांच्या कामाला शाखा डाकपालाला १२,००० आणि सहायकाला १०,००० रुपये, ५ तासांना १४,५०० आणि १२,००० रुपये, त्यावर महागाई भत्ता. निवृत्तीचं वय ६५.

पूर्वी यांना ‘खात्याबाहेरचे’ म्हणत. इंग्रजी आद्याक्षरांवरून जुनी माणसं अजूनही ‘ईडी’ म्हणतात, आणि हल्लीच्या मुलांना ते ऐकून भलतंच वाटतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं यांचं पद हे नागरी पद आहे असा निर्णय दिला, तरी नियमित नोकरीच्या बाहेरच त्यांची जागा राहिली. २००१ च्या नियमांनी ‘ग्रामीण डाक सेवक’ हे नाव रुळवलं. पाऊस, चिखल, नाले ओलांडून वस्तीवर पेन्शनची रक्कम आणि आधारचं पाकीट तोच पोचवतो. म्हणून बातमीत त्याला ‘पोस्टमन’ लिहिताना आपण त्याचा मान वाढवतो असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची खरी स्थिती झाकली जाते. डाक सेवक आंदोलनाला बसले की वाचक विचारतो, ‘पोस्टमनला तर एवढा पगार असतो, मग हे कशाला बसलेत?’ हा प्रश्न चुकीच्या शब्दातून उगवतो.

भरतीत याचा फटका थेट बसतो. ग्रामीण डाक सेवकांची जाहिरात निघाली, की ‘पोस्टमन भरती’ म्हणून ती गावभर फिरते. चोपडा तालुक्यातल्या एका मुलानं ती तशीच वाचली. ‘पोस्टमन परीक्षा मार्गदर्शक’ विकत घेतलं, जळगावला क्लास लावला, तीन महिने सामान्य ज्ञान पाठ केलं. हॉल तिकीट आलंच नाही, कारण परीक्षाच नव्हती. डाक सेवकांची निवड दहावीच्या गुणांवर होते. लेखी परीक्षा नाही आणि मुलाखतही नाही. अट काय, तर गणित आणि इंग्रजी विषयांसह दहावी उत्तीर्ण, वय १८ ते ४०, स्थानिक भाषा शिकलेली असणं, सायकल चालवता येणं आणि संगणकाची माहिती. राखीव प्रवर्गांना वयात सवलत आहे. पोस्टमन होण्याचा रस्ता वेगळा आहे. खात्यातले मल्टी टास्किंग कर्मचारी आणि हेच डाक सेवक पुढे विभागीय परीक्षा देऊन पोस्टमन होतात.

उलटं फसणारेही असतात. शाखा डाकपाल म्हणून निवड झाली की घरात पेढे वाटतात, ‘पोरगा पोस्टमास्तर झाला’. नंतर कळतं, की त्याला त्या शाखेच्या गावातच राहायचं आहे आणि कार्यालयासाठी जागाही त्यानंच पाहायची आहे. शहाद्याच्या मुलाला अक्राणीच्या डोंगरातलं गाव मिळालं, म्हणून त्यानं रुजूच व्हायचं नाकारलं, असं घडतं. जाहिरातीची पहिली दोन पानं वाचायला अर्धा तास लागतो. तेवढा धीर नसलेल्यांनी पाच मिनिटांचा व्हिडिओ बघून फॉर्म भरायचा, आणि मग खात्याला नावं ठेवायची, हे बरोबर नाही.

तुमच्या गावात येणारा पोस्टमन की डाक सेवक, हे ओळखायची माझी रीत सोपी आहे. भारतीय डाक विभागाच्या संकेतस्थळावर पिनकोड शोधायची सोय आहे. तिथे आपला पिन टाका. त्या पिनखालच्या सगळ्या कार्यालयांची यादी येते. गावाच्या नावापुढे ‘बी.ओ.’ असेल तर ते शाखा डाकघर, म्हणजे माणूस डाक सेवक. ‘एस.ओ.’ असेल तर उपडाकघर, ‘एच.ओ.’ असेल तर मुख्य, आणि तिथून निघणारा बहुधा पोस्टमन. ज्याला तेवढंही नको, त्यानं सरळ विचारावं, ‘आप्पा, तुम्ही पोस्टमन की डाक सेवक?’ कोणी राग धरत नाही. उलट विचारल्याचं बरं वाटतं.

तक्रारीतही हेच लक्षात ठेवा. ‘आमच्या गावच्या पोस्टमनने पत्र दिले नाही’ असा अर्ज थेट जिल्ह्याच्या ठिकाणी टाकला, की तिथला बाबू आधी शोधणार, या गावात पोस्टमनची जागा आहे कुठे? त्यात दिवस जातात. अर्जात लिहा : शाखा डाकघराचं नाव, ते ज्या उपडाकघराखाली येतं त्याचं नाव, पिन, पत्राचा १३ अक्षर-अंकांचा क्रमांक (पुढे दोन अक्षरं, मध्ये नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं), आणि पाठवल्याची तारीख. आधी उपडाकघराच्या पोस्टमास्तरांकडे जा, मग उपविभागाच्या निरीक्षकांकडे, मग विभागाच्या अधीक्षकांकडे. फोनवर विचारायचं असेल तर १८०० २६६ ६८६८ हा खात्याचा निःशुल्क क्रमांक आहे.

‘मेल कॅरियर’चं शब्दशः भाषांतर

अमेरिकेत पत्र वाटणाऱ्याला ‘मेल कॅरियर’ म्हणतात, म्हणून तिकडच्या मजकुराचं मराठी करताना कोणी ‘मेल कॅरियर’ तसंच ठेवतं, कोणी ‘टपाल वाहक’ करतं. आपल्या खात्यात मात्र ‘मेल कॅरियर’ हा वेगळाच माणूस होता. २०१८ च्या फेररचनेआधी डाक सेवकांत ‘मेल डिलिव्हरर’ आणि ‘मेल कॅरियर’ अशा दोन जागा होत्या. पहिला घरोघर पत्रं वाटायचा. दुसरा बंद थैली उपडाकघरातून शाखेत आणि शाखेतून परत न्यायचा. त्याच्याकडे एकही सुटं पत्र नसायचं. जुन्या नेमणूक-आदेशात हा शब्द दिसला तर त्याचा अर्थ ‘पोस्टमन’ लावू नका, सेवेचा हिशेब चुकेल. अमेरिकेच्या बातमीत ‘पोस्टमन’ किंवा ‘टपाल वाटणारा कर्मचारी’ लिहा, झालं.

‘मेल’वरून आणखी एक. भुसावळकराला ‘मेल गेली का?’ विचारलं तर तो पंजाब मेलचं सांगेल, आणि त्याच्या मुलाला विचारलं तर तो इनबॉक्स उघडेल. टपालाला ‘टपाल’च म्हणा.

‘टपाली’ हे मराठीत विशेषण आहे

नवापूर, नंदुरबार, तळोद्याकडे ‘टपाली आला’ असं ऐकू येतं. ते गुजरातीचं देणं आहे. गुजरातीत ‘टपाली’ म्हणजेच पोस्टमन. नवापूरच्या स्टेशनातूनच राज्याची हद्द जाते, अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिथे बोली अशी मिसळलेली असणारच, आणि बोलण्यातल्या त्या शब्दाला मी चूक म्हणणार नाही. लिहिताना मात्र ‘टपाली’ हे विशेषण आहे : टपाली मतदान, टपाली मतपत्रिका. ‘टपालींची संख्या वाढली’ असं निवडणुकीच्या दिवसांत छापलं, तर वाचकाला मतं वाढली की माणसं, तेच कळत नाही. माणसासाठी ‘टपालवाला’ लिहा.

लिंगाचंही तसंच. मराठीत ‘टपाल’ नपुंसकलिंगी आहे, म्हणून टपाल आलं, टपाल वाटलं. ‘टपाल आली’ हा पुन्हा गुजरातीचा परिणाम. अहिराणीत ‘टपाल उनं का?’ म्हणतात तेव्हा लिंग अगदी नीट सांभाळलेलं असतं. शाळेत गेलेलेच चुकतात.

व्युत्पत्ती छातीठोक सांगू नका. ‘टप्प्याटप्प्यानं जातं ते टपाल’ हे कानाला गोड लागतं, पण जाणकारांत त्यावर एकमत नाही. दक्षिणेकडच्या भाषांतही हा शब्द आहे, तेलुगूत ‘तपाला’ म्हणतात. निबंधात ‘असे काही जण मानतात’ एवढंच लिहावं.

पोस्टमनचं व्याकरण

एक पोस्टमन, दहा पोस्टमन. ‘पोस्टमेन’ नाही, ‘पोस्टमन्स’ तर नाहीच. इंग्रजीचं अनेकवचन शब्दाबरोबर उचलून आणायची गरज नसते. एकवचनात पोस्टमनला, पोस्टमनने, पोस्टमनचा. अनेकवचनात पोस्टमनांना, पोस्टमनांनी, पोस्टमनांचा. जुन्या छपाईत ‘पोस्टमनाने’ सापडतं, ते चूक नाही, पण आज कानाला जड जातं. शंका आली की ‘वॉचमन’ ठेवून पाहावं. ‘वॉचमनने गेट उघडलं’ म्हणतो ना, मग ‘पोस्टमनने पत्र दिलं’.

सगळ्यात जास्त घसरतात ती जागा म्हणजे ‘पोस्टमननी’. आदरासाठी एका माणसाबद्दल बोलत असाल तर ‘पोस्टमनभाऊंनी’ किंवा ‘पोस्टमनकाकांनी’ लिहा, मग आदर दिसतो आणि संख्याही कळते. नुसतं ‘पोस्टमनांनी’ लिहिलं की चार जण आल्यासारखं वाटतं. निबंध पोस्टमनच्या तोंडचा असेल तर बाईच्या तोंडी ‘मी निघाले’, पुरुषाच्या तोंडी ‘मी निघालो’, आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत सांभाळा. दुसऱ्या परिच्छेदात लिंग बदलणारे निबंध ढिगानं येतात.

‘पोष्टमन’ हे रूप गावाकडच्या उच्चाराचं आहे. संवादात ठेवा, निवेदनात ‘पोस्टमन’. अहिराणी संवाद लिहायचा असेल तर तो पुरता अहिराणी लिहा : ‘पोष्टमन उना का रे भो?’, ‘पोष्टमनले इचार’. ‘पोष्टमनला इचार’ असं अर्धवट लिहिलं की धुळ्याच्या वाचकाला लगेच समजतं, लिहिणाऱ्यानं बोली नुसती शिंपडली आहे.

इतिहासात पोस्टमन घुसवू नका

‘शिवरायांचे पोस्टमन’ असे मथळे दिसतात. मराठेशाहीत पत्र नेणारा तो जासूद, उंटिणीवरून नेणारा तो सांडणीस्वार, शिवाय अरबीतून आलेला कासीद आहे, फारसीतून आलेला हरकारा आहे. हे राज्याची, सरदारांची, सावकारांची पत्रं नेत. रयतेच्या दारोदार पत्र वाटणारी व्यवस्था ती नव्हती. १ ऑक्टोबर १८५४ ला अखिल भारतीय टपाल खातं सुरू झालं, अंतर कितीही असो, वजनावर सारखा दर ठरला, आणि सामान्य माणसाचं पत्र देशभर जाऊ लागलं. ‘पोस्टमन’ त्या जगातला आहे.

यातला ‘जासूद’ फार चुकतो. आजच्या ‘जासूस’मुळे लोक त्याला फक्त हेर समजतात. जासूद हेरगिरीही करत, पण जुन्या पत्रांत ‘जासूदजोडी रवाना केली’ असं येतं तेव्हा ती पत्र घेऊन निघालेली दोन माणसं असतात. हरकाऱ्याचंही असंच. फारसीत ‘हर’ म्हणजे प्रत्येक, ‘कार’ म्हणजे काम, म्हणजे पडेल ते काम करणारा. निरोप नेणं हे त्यातलं एक. डोंगरी वाटेनं भाला-घुंगरू घेऊन थैली पळवत नेणारा ‘रनर’ इंग्रजी अमलातला. त्याला जासूद म्हणू नका आणि जासूदाला रनर म्हणू नका.

‘पत्रवाहक’ हा शब्द संस्कृत दिसतो म्हणून शुद्ध वाटतो. जुन्या पत्रव्यवहारात ‘पत्रवाहकाबरोबर उत्तर पाठवावे’ याचा अर्थ, हे पत्र घेऊन जो माणूस तुमच्याकडे आला आहे त्याच्याच हाती उत्तर द्यावं. तो घरचा गडी असेल, नातेवाईक असेल. पोस्टमन नव्हे.

तार आणणारा वेगळा, तो तारवाला. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा आजच्या काळातल्या कथेत पोस्टमनच्या हाती तार देऊ नका.

तिकीट न लावता किंवा कमी लावून टाकलेलं पत्र म्हणजे ‘नॉटपेड’. ‘बैरंग’ हिंदी आहे. नॉटपेडला जेवढे पैसे कमी, त्याच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल होतात, आणि ते मागणारा पोस्टमन लाच मागत नसतो.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. बोलताना ‘रजिस्टर आलंय’ म्हणा, अर्जात मात्र ‘स्पीड पोस्ट’ लिहा.

राजकारणातल्या बातम्यांत ‘अमुक नेता नुसता पोस्टमन आहे’ हे वाक्य फार वापरलं जातं. दिलेला कागद पुढे सरकवणारा, अशा हिणवण्याच्या अर्थानं. ते थांबवा. पोस्टमन माणूस ओळखतो, सही घेतो, पत्ता चुकला असेल तर चार घरं विचारून बरोबर घर शोधतो. हिणवायला दुसरा शब्द शोधा.

‘मु. पो.’ म्हणजे सजावट नाही

‘पोस्ट’ म्हणजे कार्यालय, माणूस नव्हे, हे विसरल्यामुळे पत्त्यातही चूक होते. ‘मु.’ म्हणजे मुक्काम, पत्र घेणारा राहतो ते गाव. ‘पो.’ म्हणजे त्या गावाचं टपाल ज्या पोस्टात येतं ते गाव. गावात स्वतःचं पोस्ट असेल तरच दोन्ही एकत्र ‘मु. पो.’ लिहायचं. नसेल तर ‘मु. अमुक, पो. तमुक’ असं वेगळं. पाचशे वस्तीच्या पाड्यापुढे ‘मु. पो.’ लिहिलं, तर सॉर्टिंगला बसलेला माणूस त्या नावाचं पोस्ट शोधतो, आणि पिंप्री, वडगाव, पिंपळगाव या नावाची गावं खानदेशात इतकी आहेत, की त्याला दुसऱ्याच तालुक्यातलं सापडतं. ‘बुद्रुक’, ‘खुर्द’ गाळू नका. काही गावांच्या नावामागे ‘प्र.’ असतं, ते ‘प्रगणे’. तेही लिहा, एकसारखी नावं त्यानंच वेगळी होतात.

पिन जिल्ह्यावरून अंदाजानं टाकू नका. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात आहे, पिन ४२४१०१, म्हणजे धुळ्याच्या ४२४ गटातला. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे, पिन ४२५४०५, म्हणजे जळगावच्या ४२५ गटातला. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचे असतात, महसुलाच्या हद्दीशी त्यांचा मेळ बसेलच असं नाही. जुन्या कागदांवर ‘जि. पू. खा.’ किंवा ‘प. खा.’ दिसतं, ते पूर्व आणि पश्चिम खानदेश. १९०६ साली खानदेशाचे हे दोन जिल्हे झाले. आजच्या पाकिटावर ते उतरवू नका.

पाकीट परत आलं तर त्यावरचा शेरा वाचा, पोस्टमनवर चिडण्याआधी. ‘पत्ता अपुरा’ म्हणजे वरची चूक तुमची. ‘घेण्यास नकार’ म्हणजे पत्र दारापर्यंत पोचलं होतं. ‘दार बंद’ म्हणजे घरी कोणी नव्हतं. अशा वेळी पोस्टमन सूचना देतो आणि पत्र सात दिवस पोस्टात ठेवतात. ओळखपत्र घेऊन तेवढ्यात गेलात तर खिडकीवर मिळतं. नंतर ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत निघतं.